मेणबत्तीचं चित्र

लोहा मागं टाकून बस नांदेडच्या रस्त्याला लागली तेव्हा निवृत्तीच्या खिशातला फोन वाजला. पोरगा आनंदराज होता. बस कुठवर आली, एवढंच त्यानं विचारलं. लोहा गेलं आत्ताच, निवृत्तीनं सांगितलं. मग आनंदराज म्हणाला, "बाबा, सावकाश या."

फोन बंद झाला आणि निवृत्तीला कळलं. पंचफुलाला दवाखान्यात ठेवल्यापासून पोरगा दर फोनला 'लवकर या' म्हणत होता. डबा घेऊन लवकर या. डॉक्टर बघायला आलेत, लवकर या. आजही पहाटे लातूरच्या घरून निघताना तेच म्हणाला होता. आता घाई कशाची राहिली नव्हती.

शेजारच्या माणसानं खिडकी लावायला सांगितली, धूळ येतीय म्हणाला. निवृत्तीनं खिडकी लावली. त्याच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी होती आणि तिच्यात पंचफुलाच्या जुन्या तपासणीचा कागद. नांदेडच्या डॉक्टरनं तो मागितला होता, म्हणून तर तो आदल्या दिवशी लातूरला गेला होता. घरात कपाटावर, गादीखाली, सगळीकडं शोधला, तेव्हा कुठं सापडला. आता हा कागद कुणाला द्यायचा, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. रडू आलं नाही. बस विष्णुपुरीला आली, पुढं गेली, स्टँडवर थांबली, सगळे उतरले तरी तो बसूनच होता. कंडक्टरनं हाक मारली तेव्हा उठला.

निवृत्ती लातूरच्या महापालिकेत पाणीपुरवठ्याला होता. गल्लीगल्लीतले वॉल उघडायचे, बंद करायचे, हे त्याचं काम. पंचफुला डाळ मिलमध्ये जायची. तूर चाळायची, निवडायची, पोती शिवायची. संध्याकाळी घरी आली की भुवयांवर, पापण्यांवर पिवळी धूळ बसलेली असायची. निवृत्ती म्हणायचा, हळद लागली का गं पुन्हा? ती म्हणायची, लावणारा तोच असल तर नको बाबा.

तिच्यासोबत साखराबाई असायची. दोघी एकाच दिवशी मिलला लागल्या होत्या, एका चाळणीच्या दोन बाजूंना बसायच्या, एका डब्यात जेवायच्या. खोकलाही दोघींना बरोबरच लागला. एकीचा थांबला की दुसरीचा सुरू व्हायचा. मिलमधल्या बाया म्हणायच्या, ह्या दोघींचा सवालजवाब सुरू झाला. धुळीत बसल्यावर खोकणारच, असं सगळेच म्हणत. मग पंचफुला घराच्या पायऱ्या चढताना मधेच थांबायला लागली. थांबायची आणि चपलेचा अंगठा नीट करायची. चपलेला काही झालेलं नसायचं. तिला दम लागतोय हे निवृत्तीला कळायला बरेच महिने गेले.

मग तो तिला लातुरातल्या एका छातीच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरनं छातीचा फोटो काढायला लावला, त्यात फारसं काही दिसलं नाही. म्हणून फुंकायच्या मशीनवर पाठवलं. फुप्फुसात हवा किती मावते आणि किती जोरानं बाहेर पडते, ते ह्या मशीनवर कळतं. तिथं उज्वला नावाची पोरगी होती, निलंग्याकडची. तिनं पंचफुलाच्या नाकाला चिमटा लावला, पुठ्ठ्याची नळी तोंडात धरायला सांगितली. निवृत्ती मागं स्टुलावर बसला होता. उज्वला म्हणत होती, काकू, भरा, भरा, अजून भरा, आता सोडा, जोरात, जोरात, थांबू नका. पंचफुलाला मधेच खोकल्याची उबळ आली. समोरच्या पडद्यावरची रेघ टेकडीसारखी वर चढायला पाहिजे होती, ती शेताच्या बांधासारखी आडवी पडली.

"काकू, तुम्हाला सोपं करून देते," उज्वला म्हणाली. तिनं काहीतरी दाबलं आणि पडद्यावर मेणबत्त्यांचं चित्र आलं, जळत्या. "ह्या विझवा बघू. बारकी पोरंबी विझवतात."

पंचफुलानं पडद्याकडं बघितलं, मग मान वळवून एकदा निवृत्तीकडं बघितलं. आणि फुंकलं. पोराच्या भाजलेल्या बोटावर फुंकर घालतात तसं फुंकलं. पडद्यावरच्या ज्योती जराशा वाकल्या आणि पुन्हा सरळ झाल्या. उज्वलानं पुन्हा करायला लावलं, तेच झालं. अजून एकदा, पुन्हा तेच. बाहेर माणसं खोळंबली होती. शेवटी तिनं नाकाचा चिमटा काढला. डॉक्टर म्हणाला, बाईंनी जोर लावला नाही, ह्याच्यावरून काही सांगता येणार नाही. महिन्याभरानं पुन्हा या, तोवर हा पंप ओढा.

वाटेत निवृत्तीनं तिची चेष्टा केली. चुलीला फुंकणी लावायचीस तेव्हा राख शेजारच्या घरात जायची, अन् आज काय झालं?

"चूल माझी होती," ती म्हणाली.

तो हसला. परक्या पोरीपुढं नाकाला चिमटा लावून फुंकायची लाज वाटली असेल, असं त्यानं धरलं. पुन्हा नेऊ, असं तो म्हणत राहिला. पण तुरीचा हंगाम सुरू झाला, पंचफुला मिलला जाऊ लागली, पंप ओढला की तिला जरा बरं वाटायचं. मशीनमध्ये काही निघालं नाही, असं कुणी विचारलं तर ती सांगायची. तो हंगाम गेला, दुसरा आला. ती त्याच चाळणीपुढं बसत राहिली.

नंतर तिला बसल्याजागी दम लागायला लागला तेव्हा आनंदराजनं नांदेडला नेलं. तो तिथं एका शाळेवर शिकवतो. नांदेडच्या डॉक्टरकडंही तसलीच मशीन होती, पण तिच्यावर कसलं चित्र नव्हतं, नुसती रेघ. पंचफुलानं गळ्याच्या शिरा तट्ट फुगेस्तोवर फुंकलं. सून समीक्षा घाबरली, आई बस करा म्हणाली. डॉक्टर त्या रेघेकडं बघत बसला. मग त्यानं सांगितलं की फुप्फुसं फुग्यासारखी लवचिक पाहिजेत, ह्यांची वाळल्या कातड्यासारखी ताठ झालीत. धुळीनं झालंय, आणि आजचं नाही.

"मिलमध्ये जात का राहिल्या?" त्यानं विचारलं.

निवृत्ती म्हणाला की लातूरला मशीनवर तपासलं होतं, काही निघालं नव्हतं.

डॉक्टर म्हणाला, निघायला पाहिजे होतं. तेव्हाच धुळीतून बाहेर काढलं असतं, औषध सुरू केलं असतं. किती जगल्या असत्या हे कुणी सांगू शकत नाही, एवढं मात्र त्यानं निवृत्तीला नंतर बाहेर येऊन सांगितलं. तो जुना कागद आणा, पहिली तपासणी अशी का आली ते बघू, म्हणाला. त्या कागदासाठी निवृत्ती लातूरला गेला आणि तो परत येईस्तोवर पंचफुला थांबली नाही.

तिची माती लातूरला झाली. जलदान विधीला घर माणसांनी भरलं. लोह्याकडचे भाऊबंद आले, विहारातली माणसं आली, मिलच्या बाया रोजावर पाणी सोडून आल्या. टेबलावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि त्यांच्या खाली पंचफुलाचा, ओळखपत्रावरचा मोठा करून आणलेला. पुढं मेणबत्त्या लावल्या होत्या. वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. पंखा लावायचा म्हणून एका पाव्हण्यानं वाकून मेणबत्त्या विझवायला तोंड पुढं केलं, तसा साखराबाईनं त्याच्या तोंडापुढं हात धरला.

"फुंकू नका. पंचफुलाला आवडायचं न्हाई."

आणि मग तिनं ते सांगितलं. भिंतीला टेकून बसलेल्या बायांना सांगितलं, निवृत्तीकडं बघत नव्हती. पंचफुलाला तपासायला नेलं तर मशीनमध्ये मेणबत्ती लावलेली, अन् ती पोरगी म्हणती, हिला फुंकून विझव. पंचफुला म्हणाली, वंदनेच्या ज्योतीला उष्ट्या तोंडाचा वारा घालायचा न्हाई असं सासूनं शिकवलं, तवापासून ह्या तोंडानं कधी मेणबत्ती फुंकली न्हाई, ती काय आता फुंकू? साखराबाई तिला म्हणाली होती, अगं येडे, ते चित्र होतं. त्यावर पंचफुला म्हणाली, "बाबासाहेबांचा फोटोबी चित्रच हाय की. त्याला पाय लागला तर मी पाया का पडते?"

बाया हसल्या आणि हसता हसता पदर डोळ्याला लावले. एक म्हणाली, अशी होती माय. विहारातले एक म्हातारे गृहस्थ दारात चपला घालत होते, ते परत आत आले आणि म्हणाले की हिला म्हणतात श्रद्धा, पोरीबाळींनी शिकावं असं आहे हे.

निवृत्तीनं विचारलं, "मला कसं न्हाई बोलली?"

"तुम्हाला सांगू नको म्हणाली होती, भाऊजी. तुम्ही गल्लीभर हसत सांगत फिरला असता."

ते खरं होतं. तो फिरलाच असता.

त्याला सगळं माहीत होतं, हेच त्याला सोसवेना. ती मेणबत्ती फुंकत नाही हे तो लग्नापासून बघत आला होता. वंदनेची मेणबत्ती ती जळून जाऊ द्यायची. वारा असला तर तळहाताचा आडोसा करून बसून राहायची. लाईट गेल्यावर लावलेली साधी मेणबत्तीसुद्धा ती दोन बोटांच्या चिमटीत विझवायची, बोटं काळी व्हायची, त्याच बोटांनी पीठ मळू नको असं तो ओरडायचा. आणि त्या दिवशी तो तिच्या मागंच बसला होता. पडद्यावरच्या मेणबत्त्या त्यानंही बघितल्या. तिनं वळून त्याच्याकडं बघितलं तेही बघितलं. दोन्ही गोष्टी त्याच्या डोळ्यांपुढं होत्या, पण एकीला दुसरी जोडून बघायचं त्याला सुचलं नाही.

आनंदराजनं एकदा विचारलं, बाबा, तो कागद सापडला होता ना, काय होतं त्यात? निवृत्ती म्हणाला, काही नव्हतं. पोराला काय सांगणार होता? तुझी माय एका चित्रापायी फुंकली नाही, असं? आनंदराज चार पुस्तकं शिकलेला, तो आईवर चिडला असता, मग चिडलो म्हणून रडला असता. निवृत्तीला दोन्ही नको होतं.

पोरगा-सून नांदेडला चला म्हणाले. तो गेला नाही. लातूरच्या घरात तो एकटा राहिला. सकाळ-संध्याकाळ मेणबत्ती लावायचा. ती उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायची, त्या उशा त्यानं भिंतीला तशाच ठेवल्या. पूर्वी तिच्या खोकल्यानं त्याची झोप मोडायची नाही, सवय झाली होती. आता घरात कुणी खोकत नाही, म्हणून जाग येते.

अशात एक दिवस साखराबाई त्याला भाकरी घेऊन आली. पायऱ्या चढून दारात आली आणि बोलायच्या आधी पिशवीत काहीतरी शोधायला लागली. बराच वेळ शोधत होती. पिशवीत भाकरीचं फडकं सोडून दुसरं काही नव्हतं. निवृत्ती बघत राहिला. तिचे खांदे वर-खाली होत होते. दम खाली बसल्यावर ती म्हणाली, भाऊजी, लोणचं आणायचं राहिलं बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो छातीच्या दवाखान्यात गेला. जाताना त्या पोरीला काय काय बोलायचं ते ठरवून गेला होता. उज्वला मशीन पुसत होती. तिला पंचफुला आठवत नव्हती. दिवसाला किती माणसं येतात, काका, म्हणाली. मग त्यानं सांगितलं. मेणबत्तीचं, सासूचं, फोटोचं, नांदेडचं, सगळं. ठरवलेलं एकही वाक्य तो बोलला नाही. उज्वलानं तोंडावरचा मास्क खाली घेतला आणि ती खुर्चीवर बसली.

ते चित्र पोरांसाठी असतं, ती म्हणाली. मोठ्या माणसांना बोललेलं कळत नाही म्हणून लावते, लगेच समजतं त्यांना. काकूंना जोर लावायचा नाही असंच मला वाटलं. त्यांनी मला सांगितलं असतं तर मी काढलं असतं, एक बटण आहे.

"तिनं मला सांगितलं न्हाई, तुला कुठून सांगावं, बाई," निवृत्ती म्हणाला.

उज्वलानं हातातलं फडकं मशीनवर ठेवलं. मग म्हणाली की आमच्या आजीनंही दिवा कधी फुंकला नाही, फुलानं विझवायची. माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं. निवृत्तीला ती आपल्यासारखीच वाटली. मग तो जे विचारायला आला होता ते त्यानं विचारलं. तिच्यासोबतची एक बाई आहे, त्याच मिलमधली, तिला आणलं तर?

"आणा. मी नुसती रेघ ठेवते. चुलीला फुंकल्यासारखं फुंकायचं, फक्त मधे थांबायचं नाही, असं सांगून ठेवा. पण लवकर आणा, काका."

तो तिथून सरळ मिलवर गेला. दुपारच्या सुट्टीत बाया गेटजवळच्या भिंतीच्या सावलीला डबे सोडून बसल्या होत्या. साखराबाईनं सरकून जागा केली, जेवा म्हणाली. त्यानं एक घास घेतला आणि सांगितलं की सोमवारी चल, मी बोलून आलोय, मशीनवर बघून घेऊ एकदा.

साखराबाईनं हातातली भाकरी खाली ठेवली.

"मी त्या मशीनीला तोंड लावणार न्हाई, भाऊजी. पंचफुला चांगली चालतीबोलती होती. मशीनीला लागली अन् दवाखाना तिच्या मागं लागला."

बाकीच्या बायांनी माना हलवल्या. एकीनं सांगितलं की शेजारच्या मिलमधल्या व्यंकटीचंही तसंच झालं, तपासून आला आणि नळ्या लावून घरी पडला. तपासणी केली की दुखणं निघतं, न्हाई केली तर चालून जातं. निवृत्ती म्हणाला, तसं नसतं. दुखणं आधीच असतं, मशीन नुसतं दाखवते. आता तिच्यावर मेणबत्तीही ठेवणार नाहीत, ती पोरगी चित्र काढून टाकते म्हणाली.

"चित्र नसलं म्हणून काय झालं?" साखराबाई म्हणाली. "पंचफुला काय मेणबत्तीनं गेली का?"

बाया त्याच्याकडं बघायला लागल्या. ह्याच बाया आता मिलमध्ये नव्या येणाऱ्या पोरींना पंचफुलाची गोष्ट सांगतात हे त्याला माहीत होतं. मशीनपुढंसुद्धा तिनं मेणबत्ती विझू दिली नाही, असं सांगतात. सांगताना त्यांचे आवाज वेगळे होतात. जन्मभर चाळणीपुढं बसलेल्या बाईचं एवढंच नाव मागं राहिलं होतं. 'हाव, मेणबत्तीनंच गेली, फुंकली असती तर दुखणं तेव्हाच सापडलं असतं' एवढं तो बोलला असता तर साखराबाई सोमवारी आली असती. तिला ते पटलं असतं; पंचफुलानं फुंकलं नव्हतं हे तिनं तिच्याच तोंडून ऐकलं होतं. शब्द त्याच्या जिभेवर आले होते.

"न्हाई," निवृत्ती म्हणाला.

"मग?" साखराबाई म्हणाली आणि तिला खोकला आला. खोकला लांबला. दुसऱ्या बाजूनं त्याला जवाब द्यायला आता कुणी नव्हतं. तिनं पदर तोंडाला लावला, डोळे पुसले आणि भाकरी पुन्हा हातात घेतली. घंटा झाली. बाया उठल्या, पदर नाकाला बांधले आणि आत गेल्या. आत चाळण्या सुरू झाल्या, दारातून धूळ बाहेर यायला लागली.

सोमवार गेला. निवृत्ती त्यानंतर कितीदा तरी मिलच्या गेटपर्यंत जाऊन आला. कधी साखराबाई दिसते, कधी दिसत नाही. दिसली की ती आनंदराजचं विचारते, समीक्षाचं विचारते, आणि जाताना म्हणते, जेवत जा भाऊजी, वाळलात. तो हाव म्हणतो. एकदा उज्वला त्याला भाजी बाजारात भेटली, त्या बाईंना आणणार होता ना, तिनं विचारलं. आणतो, तो म्हणाला.

साखराबाई अजून मिलमध्ये जाते. तिची तपासणी झालेली नाही. पंचफुलाची तपासणी का चुकली आणि त्यानं तिचं काय झालं, हे निवृत्तीनं तिला अजून सांगितलेलं नाही.